वाटाड्याची चाल

८ जानेवारी

चि. बारक्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बोटीनं सुखरूप पोचलं. समुद्रातल्या त्या खडकावर बसून वारा मोजायचा आणि रोज सकाळी आकाशात फुगा सोडायचा, याला नोकरी म्हणतात हे आमच्या लॅबमध्ये कुणाला पटत नाही. कवळ्या घासून घासून आमचे हात खरखरीत झालेत आणि आमचा भाऊ फुगे सोडतो, असं सगळे मला चिडवतात. मोबाइलचा टॉवर मात्र त्यांनी एकदाचा बसवावा. तुझा आवाज ऐकायला मन आसुसतं.

पत्र खरं तर आईबद्दल आहे. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पलंगावर पडून होती, तेव्हा तिचं मन रमावं म्हणून तुझ्या भाऊजींनी तिला त्यांची ती अंतराळातली मालिका लावून दिली. माणसांनी भरलेलं एक यान वाट चुकलंय आणि वाटाड्या नावाचा एक जण त्यांना परत घरी नेतोय. अंगात राखाडी पायघोळ पोशाख, डोक्यावर काळ्या काचेचं शिरस्त्राण. सहा वर्षं मालिका चाललीय, पण त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. शेवटच्या नामावलीत त्याच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह असतं. हा कोण, यावर इंटरनेटवर चाहत्यांची रोज हमरीतुमरी. एक म्हणतो ती कप्तानाची मेलेली बायको, तर दुसरा म्हणतो तो भविष्यातून आलेला कप्तानच. आईनं तिथे ‘निवृत्त बाई’ या नावानं खातं उघडलं. आधी लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायची. आता ती काय म्हणते याची लोक वाट बघतात.

इथवर गंमत होती. परवा तिनं मला हाताला धरून समोर बसवलं, टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाली की पाय बघ. वाटाड्या लांबलचक बोळातून चालत होता. प्रत्येक पावलाला उजवा खांदा जरासा वर, डावी टाच किंचित बाहेर. आई शांतपणे म्हणाली, की हा आपला थोरला आहे.

बारक्या, मी काय बोलणार? दादाला घर सोडून चौदा वर्षं झाली. नकाशे काढायची धड नोकरी सोडून तो नाटकवाल्यांबरोबर निघाला, तेव्हा बाबा म्हणाले होते की परत तोंड दाखवू नकोस. त्यानं ते इतकं मनावर घेतलं की बाबा गेले तेव्हाही त्याचा पत्ता नव्हता. सात वर्षांपूर्वीचा तो शेवटचा फोन. कुठल्याशा स्टुडिओत काम मिळतंय म्हणाला, आणि मग काहीच नाही. आई अजून तिसऱ्या मजल्यावरचं घर सोडत नाही. गुडघे गेले तरी चालतील, पण त्याला दार सापडलं पाहिजे.

सायकलवरून पडून त्याची मांडी मोडली होती, डावा पाय आखूड राहिला होता, हे सगळं खरं. पण असा पाय जगात एकट्याचाच असतो का? तूच तिला समजाव. तुझं ती ऐकते.

जिवाला जप.
तुझी ताई

२६ जानेवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि आमच्या वायरलेसवाल्या काकांचं दार ठोठावलं. त्यांच्याकडे त्या मालिकेचे सगळे भाग आहेत. त्यांच्या मते वाटाड्या हे यंत्र आहे, कारण तो कधी जेवताना दिसत नाही. स्वयंपाक्याचं म्हणणं, आपल्या हातचं खाल्लं असतं तर दिसला असता. तिघं मिळून आम्ही पहिल्या वर्षाचे भाग बघितले.

तुला खरं सांगू? आईला समजवायचं म्हणून बघायला बसलो होतो आणि मीच त्याचे पाय बघत राहिलो. दादा गेला तेव्हा मी शाळेत होतो. त्याचा चेहरा आठवायला गेलो तर फोटोच आठवतो. पण त्याच्या मागून चालल्याचं मला आठवतं. तो खांदा उचलायचा म्हणून मीही उचलायचो आणि बाबा रागवायचे, की याला काय झालंय. पडद्यावरचा माणूस वळला तेव्हा माझा खांदा आपोआप वर गेला. काकांनी विचारलं, मुंगी चावली का?

मी काही ठरवलेलं नाही. तू आईवर ओरडू नकोस एवढंच. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बाळास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी प्रकृती ठीक असेल. इथे मी रोज जिना एकदा उतरते आणि एकदा चढते. डॉक्टर खूश आहेत, गुडघे नाहीत.

ताईनं तुला सगळं कळवलं आहे, हे मला तिच्या तोंडावरून कळतं. तिला वाटतं माझं डोकं फिरलं. मी मालिका बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं होतं. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं. वाटाड्याची भूमिका कोण करतं हे शेवटच्या भागापर्यंत गुप्त ठेवायचं ठरलं आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभार, असं लिहिलं आहे. बघ, नाही म्हणालेले नाहीत! मी शाळेत बत्तीस वर्षं घालवली. मुलाला नाही म्हणायचं असलं की तो नाहीच म्हणतो. सांगता येत नाही असं म्हणतो, तेव्हा त्याच्या मुठीत काहीतरी असतं.

चाहत्यांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. ते आपले भांडतात, वाटाड्या गोष्टीत कोण म्हणून. मला गोष्टीतलं काय करायचं आहे? काचेच्या आत त्याला उकडत असेल, असंच सारखं मनात येतं.

मार्चमध्ये तुझी रजा आहे. घरी येण्याआधी त्यांच्या स्टुडिओत जाऊन येशील? त्याला ये म्हणू नकोस. मी चिडलेली नाही, आणि बाबाही आता नाहीत, एवढंच त्याच्या कानावर घाल. बाकी त्याची मर्जी.

आई

२ मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

आईनं तुला तिकडे जायला सांगितलं हे मला आज कळलं, तेही तिनं दादाचा जुना स्वेटर धुऊन वाळत घातला तेव्हा. मी खूप बोलले तिला. नको तेही बोलले. म्हटलं, मी तुझ्यासमोर उभी आहे, रोज तुझी औषधं देते, तुझे पाय चेपते, आणि तू एका काचेकडे बघत बसतेस. तिनं स्वेटर तेवढा उलटा करून टाकला, रंग उडू नये म्हणून.

मला भीती कशाची वाटते सांगू? तो तिथे नसेल याची नाही. असेल, आणि तरी येणार नाही, याची.

तरीही जा. आता न जाता राहणं तुलाही जमायचं नाही. जे असेल ते आधी मला कळव, आईला नको. आणि फोन करू नकोस. फोनवर ऐकलं तर ती माझा चेहरा वाचेल. लॅबच्या पत्त्यावर लिही.

ताई

१९ मार्च

ती. ताईस सा. न.

हे लॉजच्या खोलीत बसून लिहितोय. खिडकीतून स्टुडिओची पत्र्याची छपरं दिसतात. हे पत्र दार लावून वाच.

परवा फाटकाशी पोचलो तर तिथे पन्नासेक चाहते, डोक्यावर पुठ्ठ्याची शिरस्त्राणं घालून. पहारेकऱ्यानं मलाही त्यांच्यातलाच समजून हाकललं. मी त्याला दादाचा फोटो दाखवला. पहारेकरी नवा होता, त्यानं ओळखलं नाही. पण दुपारी चहाला बाहेर येणाऱ्या कपडेपटातल्या बाईंना विचारा, त्या पहिल्यापासून आहेत, असं म्हणाला.

बाईंनी फोटो हातात घेतला आणि तिथल्या ओट्यावर खालीच बसल्या. मग मी कोण ते विचारलं. भाऊ म्हटल्यावर त्या म्हणाल्या की त्यानं घरचं कुणीच नाही असं सांगितलं होतं.

ताई, आई बरोबर होती. वाटाड्या दादाच होता. आणि दादा आता नाही.

पहिल्या वर्षीच गेला. बाईंनी सगळं सांगितलं, हळूहळू, चहा गार होईपर्यंत. त्यानं तिथे दुसरंच नाव लावलं होतं. अंगानं उंच, पोशाख बेतल्यासारखा बसला, म्हणून त्याला घेतलं. तो हसून म्हणायचा, की मला तोंड न दाखवता करायचं असं काम हवं होतं, ते बरोबर मिळालं. ताप अंगावर काढला, कुणाला सांगितलं नाही. खोकला पोशाखात ऐकू यायचा नाही. पडला तेव्हा कुठे कळलं. छातीत पाणी झालं होतं. दवाखान्यात आठवडाभरही काढला नाही. बाई रोज जायच्या. शेवटचं सगळं कामावरच्या लोकांनीच केलं.

मी विचारलं, मग आता चालतं कोण? कारण मागच्या महिन्यातल्या भागातही तीच चाल आहे. त्या म्हणाल्या की ज्याला पोशाख बसेल तो. आजवर पाचसहा जण झाले. पण लोकांना ती चाल आवडली होती, म्हणून नव्या माणसाच्या उजव्या बुटात त्या स्वतः पुठ्ठ्याचा एक जादा तळ घालतात. मग डावा पाय आपोआप आखूड पडतो आणि खांदा उचलला जातो. दुसऱ्या कुणाला त्या तो घालू देत नाहीत. मालिकेचं गुपित फोडू नकोस, एवढी विनंती त्यांनी केली. दादाचं काय झालं, हे आमच्या हक्काचं होतं तेवढं त्यांनी मला सांगितलं होतं. मी कबूल केलं.

मी आईचा निरोप त्यांना सांगितला, दुसरं कुणाला सांगणार? की आई चिडलेली नाही. तेव्हा त्या रडल्या.

ताई, आईला कसं सांगायचं ते तूच ठरव. मी उद्या निघून थेट घरी येणार होतो, पण बोटीवरून निरोप आलाय, माझ्या जागेवरचा माणूस आजारी पडलाय, मला परत खडकावर जायला हवं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. याचा राग धरू नकोस.

तुझा,
बारक्या

३० मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद.

राग धरलेला नाही. तुझ्या जागी मीही बोटच पकडली असती.

दोन दिवस मी पत्र पर्समध्ये घेऊन फिरले. शेवटचा भाग तीन आठवड्यांवर आला होता आणि आई कॅलेंडरकडे बघत होती. काच निघेल आणि आत कुणी परकं दिसेल, ते तिनं एकटीनं बघावं, हे मला झेपेना. रविवारी सकाळी ती इस्त्री करत होती, तेव्हा सांगितलं.

तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही. मग विचारलं, शेवटी त्याच्याजवळ कुणी होतं का? मी म्हटलं, त्या बाई होत्या. मग विचारलं, तो पोशाख जड असतो का? मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, इस्त्री बंद कर, कपडा जळेल. आणि नंतर जी रडली, बारक्या, की शेजारच्या काकू हातातलं काम टाकून धावत आल्या. चौदा वर्षांत तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. ती म्हणत होती, की सहा वर्षं मी त्याला देवाघरीही जाऊ दिलं नाही, दारातच उभं करून ठेवलं. मी तिला जवळ घेतलं. तिच्यापुढे केवढं काय काय बोलले होते मी, ते सगळं आठवत होतं. तिनंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, तूही दमलीस गं.

काल तिनं आपणहून भाऊजींना विचारलं, की आपल्याच इमारतीतली तळमजल्यावरची जागा अजून रिकामी आहे का.

जेवत जा वेळेवर.
ताई

१८ एप्रिल

चि. बाळास आईचे अनेक आशीर्वाद.

काल शेवटचा भाग झाला. ताई बघू नको म्हणत होती, मी बघितला. वाटाड्या यानाच्या दारापर्यंत चालत गेला, तेवढं मी डोळे भरून पाहिलं. मग काच निघाली. आत कप्तानाची मुलगी होती, म्हातारी झालेली. कुणालाच ओळखता आलं नव्हतं. निम्मे चाहते खूश आहेत आणि निम्मे शिव्या देताहेत. निवृत्त बाईंना काय वाटलं, असं सगळे विचारत होते. मी लिहिलं की मुलीनं काम छान केलं. मग खातं बंद केलं. आता शुद्धलेखनाचं त्यांचं ते बघतील.

त्या कपडेपटातल्या बाईंना मी पत्र घातलं आहे. काय लिहिलं ते तुला सांगत नाही.

बाळा, एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. ताई म्हणाली की तू त्याच्यासारखा खांदा उचलायचास आणि बाबा रागवायचे. मला हे आठवतच नाही. काल झोपताना मी आठवायला बसले की माझा धाकटा कसा चालतो, आणि मला सांगता येईना. चौदा वर्षं दार वाजलं की मी बघायचे, आणि तू असायचास. तू आहेस एवढं कळलं की मी मान खाली घालून हातातल्या कामाला लागायचे. तुला ते दिसत असणार. तू कधी बोलला नाहीस.

रजा मिळेल तेव्हा ये. येताना रिक्षा अलीकडेच सोड, कोपऱ्यावर, आणि तिथून चालत ये. घाई करू नकोस. मी बाहेर उभी राहीन.

तुझी वाट बघणारी,
आई