ताणलेली टेप

३ मार्च, सोमवार. सकाळी ११

आजपासून रोजनिशी. नियम तीन. रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही. खरं तेच लिहायचं. चौथाही सुचला होता, विसरलो.

रिपोर्ट आला. आतड्याचं चार वर्षांपूर्वीचं प्रकरण पुन्हा उघडलंय, या खेपेला यकृतावर. मी एकदम शांत होतो. डॉक्टरीणबाई वीस मिनिटं बोलल्या आणि मी पूर्ण लक्ष देऊन बसलो होतो. त्यांच्या पांढऱ्या कोटाची डावी बाही पिळलेली आहे. खांद्याची शिवण अर्धा इंच मागे गेलीय. रेडीमेड. एवढी शिकलेली बाई दिवसभर तसला कोट घालून कशी वावरते, देव जाणे. सारांश असा: केमो परत, दर पंधरा दिवसांनी एक, अशा बारा. पहिली ११ तारखेला. उशीर करू नका, असं दोनदा म्हणाल्या. शेवटी बोटांबद्दल काहीतरी सांगत होत्या, पण तेव्हा माझं लक्ष बाहीत अडकलं होतं.

मी म्हणालो, विचार करून कळवतो. ही काही बोलली नाही. हिचं काही न बोलणं मला दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं.

नर्सने वजन केलं. ६३. मी सांगितलं, बाई, माझं वजन ७२, गेली चार वर्षं तेच आहे, तुमच्या काट्याखालची फरशी हलते. तिने ६३ च लिहिलं. वाद घातला नाही.

४ मार्च, मंगळवार

निश्चय: ११ ला जायचं म्हणजे जायचं. एकदा काढलंय, पुन्हा काढू.

लेकीचा फोन. रजा टाकून येते म्हणाली. मी म्हटलं, काही विशेष नाही. तर म्हणते, बाबा, तुमचं 'काही विशेष नाही' मला लहानपणापासून पाठ आहे. आगाऊ झालीय. हिच्यावर गेलीय.

५ मार्च, बुधवार

कोपऱ्यावर नवीन हॉटेल उघडतंय. मॅनेजर स्वतः दुकानात आला. अठरा वेटर, अठरा पँटी, अठरा वेस्टकोट. २० तारखेला हवेत, २१ ला उद्घाटन. घेतली ऑर्डर. ही म्हणाली, आत्ता? मी म्हटलं, कामात माणूस बरा राहतो. त्यावर हिने काजाची कात्री जरा जोरातच ठेवली.

अर्थात आता ११ जमणार नाही. हॉस्पिटलला फोन करून १८ घेतली. काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं. मी म्हटलं, व्यावसायिक.

६ मार्च, गुरुवार. संध्याकाळ

अठरा जणांची मापं घेतली. बाराव्याची उंची घेताना वाकलो तर माझीच पँट घसरली. सावरली. कुणी पाहिलं नाही. (तिघांनी पाहिलं.)

दुकान बंद केल्यावर स्वतःची कंबर मोजली. साडेएकतीस. माझी कंबर चौतीस. लग्नाच्या सूटपासून फार तर अर्धा इंच इकडे तिकडे. मग लख्ख प्रकाश पडला. टेप! अकरा वर्षांची टेप, रोज गळ्यात, रोज ओढाताण. ताणली गेलीय. ताणलेली टेप कमी दाखवते, हे या धंद्यात शेंबडं पोरही सांगेल. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही!

म्हणजे आजची अठराच्या अठरा मापं चुकीची. वेळेवर सापडलं म्हणून बरं.

८ मार्च, शनिवार

खात्री करावी म्हणून नवी टेप आणली. तीही साडेएकतीसच सांगते. शोकेसमध्ये उन्हात पडून असलेला माल. दुकानदाराला सुनावणार होतो, गर्दी होती.

लोखंडी पट्टीला लावून बघावं असं मनात आलं, पण पट्टी सापडली नाही. ही म्हणाली, पट्टी मशीनमागच्या खिळ्यावर आहे, दुकान उघडल्या दिवसापासून तिथेच आहे. असेल. मला आत्ता वेळ नाही.

मापांच्या वहीत लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली. प्रत्येकाच्या कमरेत अडीच इंच जास्त. एक वेटर तर टेपवर सव्वीस आला होता, मला त्याची काळजीच वाटली होती. आता साडेअठ्ठावीस. जिवाला बरं वाटलं.

११ मार्च, मंगळवार

आज झाली असती पहिली. त्याऐवजी सात पँटी कापल्या. केवढा वेळ वाचला. दुपारी कटिंग टेबलावर जरा लवंडलो, दीड तास गेला.

खरं तेच लिहायचं म्हणून लिहितो. मागच्या वेळी चौथ्या केमोनंतर बोटांची टोकं बधिर झाली. आठ महिने. सुई हातात आहे की पडली ते बघून कळायचं. कापड चोळून बघायचो आणि काहीच कळायचं नाही. ते सगळे महिने काजंबटणं हिने केली, हातशिलाई हिने केली, आणि गिऱ्हाइकं मला म्हणायची, वा काका, हात तोच आहे हं तुमचा. मी मान डोलवायचो. या खेपेला बोटं परत आलीच नाहीत तर? मला भीती वाटते.

ते जाऊ दे. विषय ऑर्डरचा आहे.

१३ मार्च, गुरुवार

लेक आली. ऑफिसचं काम आहे म्हणाली. तिचं ऑफिसचं काम आमच्या स्वयंपाकघरात दिसतंय. मायलेकी कुजबुजतात आणि मी गेलो की मिठाबद्दल बोलायला लागतात. एवढं काय असतं मिठात?

जेवण अर्धंच गेलं. मीठ कमी होतं.

१५ मार्च, शनिवार

बारा पँटी तयार. मशीनवर तासभर बसलो की पाठ धरते. स्टूल उंच आहे. सुतार शोधायला हवा.

निश्चय: १८ ला जायचं. लेकीलाही तसं सांगितलं. तिने माझ्यासमोर मोबाइलमध्ये लिहून घेतलं. आपल्याच घरात साक्षी-पुरावे.

१७ मार्च, सोमवार

सहा पँटी आणि नऊ वेस्टकोट बाकी. मी काय करू? हॉस्पिटलला फोन केला. या वेळी डॉक्टरीणबाईंनी स्वतः घेतला. म्हणाल्या, मी तुमच्यावर जबरदस्ती करणार नाही, नको असेल तर तसं स्पष्ट सांगा, तोही निर्णय असू शकतो. पण हा निर्णय आहे की चालढकल, तेवढं मला कळू दे. अजून लांबलं तर औषधाचा पुन्हा विचार करावा लागेल.

मी म्हटलं, निर्णय आहे. कसला, ते त्यांनी विचारायच्या आत २५ तारीख घेतली. आवाज जरा चढला होता त्यांचा. माणूस दिवसभर अवघडलेला असला की असं होतं. कोट.

लेक माझ्याशी बोलत नाही. ही बोलते, पण फक्त कामापुरतं.

२० मार्च, गुरुवार

ऑर्डर पोचवली! दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला. मॅनेजर खूश. कुणी घालून बघितल्या नाहीत, सगळे झुंबर टांगण्यात गुंतले होते. या वयात, या अवस्थेत, अठरा पँटी. कौतुक करून घ्यायला घरी कुणी जागेवर नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवतो.

२१ मार्च, शुक्रवार. दुपारी ३

मॅनेजर आला होता.

सकाळी उद्घाटनाला अठरा वेटर ओळीने उभे राहिले, तेव्हा अठरा जणांचा एकेक हात कमरेला होता. पाहुण्यांना वाटलं, हीच इथली पद्धत. सव्वीसवाला पोरगा मुख्य पाहुण्यांसमोर सरबताचे ग्लास घेऊन गेला. ट्रे दोन्ही हातांत. पँटने साथ सोडली. सोडायला दोनच गोष्टी होत्या, त्याने ट्रे धरून ठेवला. एक थेंब सांडला नाही. त्या मुलाबद्दल मला आदर आहे.

मॅनेजरने गठ्ठा टेबलावर टाकला आणि विचारलं, काका, हे काय? मी टेपचं सांगितलं. अकरा वर्षं, ओढाताण, सगळं. तो म्हणाला, कुठली टेप? मी गळ्यातली काढून दिली. लेक उठली. मशीनमागच्या खिळ्यावरून लोखंडी पट्टी काढली आणि टेबलावर ठेवून तिच्यावर टेप पसरली.

चोवीसवर चोवीस. मग तिने नवी पसरली. चोवीसवर चोवीस.

मॅनेजर भला माणूस, तो पंख्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, सोमवारपर्यंत करून द्या, तोवर पोरं आपापल्या पँटींवर भागवतील. ही दोन्ही टेपांची गुंडाळी करत होती. मी कमरेला हात लावून उभा होतो, कारण नाहीतर माझीही पँट गेली असती.

२२ मार्च, शनिवार

तिघं बसलो. ही शिवणी उसवते, मी आत घेतो, लेक इस्त्री मारते. लाल पेन्सिलीखालची मूळ मापं वाचायला वही उघडली, तर मागच्या पानावर हिचं अक्षर. नाव नाही. नुसत्या तारखा आणि आकडे. डिसेंबरपासून. ३४. साडेतेहतीस. ३३. शेवटचा आकडा परवाचा, ३१.

मी विचारलं, हे कधी घेतलंस? दुपारी तुम्ही टेबलावर लवंडता तेव्हा, म्हणाली. मला वाटायचं चादर सारखी करतेय. फेब्रुवारीत हेच आकडे डॉक्टरीणबाईंना दाखवले, म्हणून त्यांनी तपासण्या सांगितल्या. मी समजत होतो, नेहमीच्याच आहेत.

तीस वर्षं लोकांची मापं मी घेतली आणि माझं हिने घेतलं. राग आला. कुणाचा, ते नीट सांगता येत नाही.

मग मी बोटांचं बोललो. आठ महिने, सुई, कापड, सगळं. ही हातातलं काम ठेवून बघतच राहिली. म्हणाली, अहो, डॉक्टरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या की बोटं बधिर करणारं ते औषध या वेळी नाही देणार. दुसरं देणार. त्याने केस जातील, पोट बिघडेल, पण बोटांना धक्का नाही. तुम्ही तिथेच बसला होतात ना! तुम्हाला माहीत आहे आणि तरी नको म्हणताय, मग तुम्ही मनाशी काहीतरी ठरवलं असेल, असं वाटलं मला. विचारायची हिंमत झाली नाही. तीन आठवडे झोप नाही मला.

मी बाहीत होतो, हे तिला कसं सांगू?

सांगितलं. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, तो कमरेचा बंद नीट धरा, वाकडा जातोय.

२४ मार्च, सोमवार

पँटी गेल्या. या वेळी अठराच्या अठरा घालून बघितल्या.

उद्या हॉस्पिटलात घालायला माझीच एक पँट आत घ्यायची होती. हिने मला उभं केलं, टेप घातली. मी सरळ उभा राहिलो. ती म्हणाली, पोट फुगवू नका. हेच वाक्य मी उलट करून दिवसाला दहा गिऱ्हाइकांना सांगतो. श्वास सोडला. साडेतीस. हिने वहीत लिहिलं, या वेळी वर नाव घालून.

२५ मार्च, मंगळवार. सकाळी १०.३०, हॉस्पिटल

खुर्ची मिळाली. खिडकीजवळची दुसऱ्याला दिली. डाव्या हातात सुई, उजव्याने लिहितोय. शेजारी ही, हातात पाण्याची बाटली. लेक औषधांच्या काउंटरवर.

औषध ठरलं होतं तेच चालेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण गेलेले दोन आठवडे मला परत देता येणार नाहीत, असंही म्हणाल्या. या वेळी सगळं ऐकलं. बोटांचं पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, कोट द्या, बाही सारखी करून देतो. त्या म्हणाल्या, आधी हा हात हलवू नका.

वजनाचं लिहायचं राहिलं. तीच नर्स होती. आकडा बघून ती माझ्याकडे बघत थांबली, फरशीबद्दल काही म्हणतो का म्हणून. ६०. काटा बरोबर आहे.