हिरवा दिवा लागला की बोला

४ मार्च

आत्या जिंकली! खरं तर मी जिंकले, पण तिच्यासमोर तसं म्हणायची सोय नाही.

आत्या स्टुलावरून पडल्यापासून दादानं एकच धोशा लावला होता — आता एकटीनं राहायचं नाही, माझ्याकडे चल. आत्याचं उत्तर ठरलेलं. “मी काय ट्रंक आहे, इकडून उचलून तिकडे ठेवायला?” आई-बाबांच्या मागे आम्हा दोघांना हिनंच वाढवलं. कुणाचं ऐकायची सवय तिला कधी लागलीच नाही. शेवटी मी मध्ये पडले. म्हटलं, आमच्या कंपनीची पेटी तिच्या उशाशी बसवते. बटण दाबायचं, हिरवा दिवा लागला की बोलायचं, पुन्हा दाबलं की बंद. आवाज थेट कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बाईंना ऐकू जातो आणि त्या माणूस धाडतात.

दादा म्हणाला, “ठीक. पण पेटी एकदा जरी चुकली तरी मी गाडी घेऊन येईन. मग वाद नको.”

पेट्यांचे आवाज झेलणारा सर्व्हरचा प्रोग्राम मी लिहिलाय. छाती ठोकून हो म्हटलं.

६ मार्च

आज मास्तरनं माझा कोड वाचला. मास्तर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचा. पेट्यांच्या आतला प्रोग्राम त्याचा, आणि ‘पाणी पिऊन येतो’ हेसुद्धा तो व्याख्यानासारखं सांगतो.

“एवढासाच?” म्हणाला. एवढासाच! किती लागतं? एक सॉकेट, म्हणजे सर्व्हरचं दार, उघडून ऐकत बसवायचं. पेटीकडून कनेक्शन आलं की अ‍ॅक्सेप्ट म्हणायचं, म्हणजे तिला आत घ्यायचं. मग त्या पेटीपुरतं वेगळं सॉकेट हातात येतं. तिचं ऐकायचं, ऑपरेटर बाईंकडे द्यायचं, तिचं झालं की पुढचीला अ‍ॅक्सेप्ट. एका वेळी एक. मध्येच दुसरी आली तर ती रांगेत थांबते, आणि ती रांग मशीनची सिस्टीम सांभाळते. मला बघायलाही नको.

“आणि पहिली गप्पच बसली तर?” — मास्तर.

बटण दाबून कोण गप्प बसेल? मी हसले. तोही हसला, पण मान हलवत.

९ मार्च

पेटी बसवली, पण आत्याकडून एकही हाक नाही. पेटी नुसती पुसत असेल, धूळसुद्धा बसू देत नसेल. स्वावलंबी बाई!

११ मार्च

जिन्यात ऑपरेटर बाई भेटल्या. “अगं, दुपारी जेवणानंतर इतकी सामसूम असते, आणि चहाच्या सुमाराला सगळे एकदम तुटून पडतात. म्हातारी माणसं ठरवून बोलावतात की काय?”

म्हटलं, दुपारी झोपत असतील. बाईंना पटलं. मलाही पटलं. आपण काढलेलं कारण आपल्याला किती पटकन पटतं!

१४ मार्च

वाईट दिवस.

पेटी घेतलेल्यांत एक निवृत्त ड्रायव्हर काका आहेत. काल दुपारी बाथरूमच्या दारात घसरले. सरपटत पेटीपर्यंत गेले, बटण दाबलं, दिवा लागला, बोलले. कोणीही आलं नाही. पुष्कळ वेळानं शेजारीण सहज डोकावली म्हणून निभावलं. खुब्याचं हाड मोडलंय.

ऑपरेटर बाईंना त्यांचा आवाज आला — पण काका दवाखान्यात पोचल्यानंतर! “पडलोय. दार नुसतं लोटलेलं आहे, या.” बाई सांगताना रडल्या. त्यांनी माणूस पाठवला तेव्हा घराला कुलूप होतं.

संध्याकाळी मास्तर आणि मी दवाखान्यात गेलो. काका चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, “दिवा लागला होता ना, म्हणून मी ओरडलो नाही. म्हटलं, ऐकलंय त्यांनी, येतीलच.”

परतताना मास्तरनं एकही व्याख्यान दिलं नाही.

१५ मार्च

सापडलं. घोडं कुठे पेंड खातंय ते सापडलं, आणि ते माझंच घोडं.

मास्तरच्या प्रोग्राममध्ये दिवा कनेक्शन झालं की लागतो. पण कनेक्शन मी करत नाही! सिस्टीमच ते जोडून रांगेत उभं करते. मी अ‍ॅक्सेप्ट म्हणेन तेव्हा म्हणेन, पेटीला त्याआधीच वाटतं की पोचले. ती बोलू लागते, तिचा आवाज मशीनमध्ये साठून राहतो. ऐकणारं कोणी नाही, दिवा मात्र हिरवागार.

आणि मी अ‍ॅक्सेप्ट का म्हटलं नाही? कारण माझा प्रोग्राम आधीच्या पेटीसमोर बसला होता. डॉक्टरांनी पेशंटला आत घेऊन विचारावं, काय होतंय, आणि त्यानं तोंडच उघडू नये. डॉक्टर बसलेत वाट बघत आणि बाहेरच्या बाकावर लोक कण्हतायत. तसंच. कुठली तरी एक पेटी दुपारी कनेक्शन उघडते, काही बोलत नाही, चहाच्या वेळी बंद करते. एक शब्द नाही म्हणून ऑपरेटर बाईंच्या पडद्यावरही काही दिसत नाही. ती गेली की मागची रांग धबाधब आत.

मास्तरला सांगितलं. “मी म्हटलं होतं,” असं तो म्हणाला नाही. “दिवा माझा आहे,” एवढंच म्हणाला. भला माणूस.

१६ मार्च

दादाला सांगायचं का? त्याला सर्व्हरमधलं ओ की ठो कळत नाही. गप्प बसले तर कोण विचारतंय? आत्या तिच्या घरात राहील.

दिवसभर हेच डोक्यात. मग काकांचं ते ‘येतीलच’ आठवलं आणि फोन लावला.

दादा ओरडला नाही. “म्हणजे आत्या पडली असती तर तीही दिव्याकडे बघत पडून राहिली असती?”

हो म्हणाले.

“दुरुस्त होईल?”

उद्या संध्याकाळपर्यंत.

“एक आठवडा. मग मी तिला न्यायला येतोय की नाही ते ठरवू.” आणि मग हळूच — “सांगितलंस ते बरं केलंस.” दादा गोड बोलला की मला रडू येतं. आलंच.

१७ मार्च

नवीन प्रोग्राम चालू. आता अ‍ॅक्सेप्ट करणारा फक्त अ‍ॅक्सेप्टच करतो. दारातून आत घ्यायचं, दुसऱ्याच्या हवाली करायचं, पुन्हा दारात. प्रत्येक पेटीला ऐकणारा वेगळा. शिवाय थोडा वेळ कोणी काहीच बोललं नाही तर सर्व्हर आपणहून कनेक्शन तोडतो, मग दिवाही विझतो. मास्तर दिव्याचं काम करतोय — ऑपरेटरकडून पोच आल्याशिवाय हिरवा लागणारच नाही. पण ते प्रत्येक पेटीत जाऊन भरायला वेळ लागेल.

आम्ही दोघांनी ऑफिसातल्या सगळ्या पेट्या एकदम दाबल्या. एक मुद्दाम गप्प ठेवली. बाकी सगळ्यांचे आवाज त्याच क्षणी पलीकडे! जीव भांड्यात पडला.

१८ मार्च

ऑपरेटर बाई खूश. दुपारीही हाका येतात, येतील तशा.

फक्त एक पेटी विचित्र वागते. दुपारी उघडते, गप्प राहते, सर्व्हर तोडतो. पुन्हा उघडते. पुन्हा गप्प. आज कितीदा तरी! मास्तरनं तिला ‘मौनीबाबा’ नाव ठेवलंय. बटण अडकत असेल म्हणतो. उद्या पत्ता काढून माणूस पाठवू.

१९ मार्च

पत्ता काढावा लागला नाही. आत्याचा फोन आला.

“भिंगरे, तुझी पेटी बिघडली गं. दिवा लागतो आणि विझतो. आधी नीट लागून राहायचा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२० मार्च

अर्धी सुट्टी टाकून आत्याकडे गेले. जेवणं झाली, भांडी झाली. मग ती खाटेवर आडवी झाली आणि सवयीनं हात लांब करून बटण दाबलं. दिवा लागला. ती कुशीवर वळून त्याच्याकडे बघत राहिली. थोड्या वेळानं विझला.

“बघ,” म्हणाली. “विझला.”

हे रोज करायचीस?

“दुपार फार मोठी असते गं. तो लागला की वाटायचं, आहे कोणीतरी तिकडे. तूच असशील असं वाटायचं. चहाला उठले की बंद करायची.”

मग बोलायची का नाहीस?

“काय बोलायचं? काही होत नव्हतं मला. आणि तू कामात.”

ड्रायव्हर काकांचं सगळं ओठावर आलं होतं. नाही सांगवलं. माझ्या प्रोग्राममध्ये एक माणूस गप्प बसल्यानं बाकीचे अडकत असतील तर चूक माझी, तिची नाही. तरी राग आला — तिचा, स्वतःचा, कुणाचा ते ठाऊक नाही. जरा चढ्या आवाजातच विचारलं, इतकं एकटं वाटतं तर दादाकडे जात का नाहीस? किती वेळा बोलावतोय तो!

ती उठली आणि चहा ठेवायला गेली. साखर जास्त घातली.

२१ मार्च

सकाळीच आत्याचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“काल विचारलंस ना, दादाकडे का जात नाही. तू ‘माझ्याकडे ये’ म्हणशील म्हणून थांबले होते. तू पेटी आणून दिलीस.”