बीटाच्या बरण्या

ॲल्डर फोर्क, नेब्रास्का
४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

जोलीनची जुळी आता एकाच वेळी झोपायला लागली असतील आणि तुझ्या वाट्याला जेवताना दोन्ही हात येत असतील, अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. दोनदा बर्फ पडून वितळलं, शाळेची फुटबॉल टीम यंदाही हरली आणि चर्चच्या जेवणाला बर्निसने पुन्हा तोच चिकट पास्ता आणला. थोडक्यात, ऑगस्टमध्ये तू लेकीकडे गेलीस तेव्हापासून गावात काही बदललेलं नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझ्याकडे कधीही घंटी वाजवली तरी एक पोर उठतं आणि मग ते दुसऱ्याला उठवतं. त्यापेक्षा हे बरं. सावकाश वाच.

दवाखाना नेहमीसारखाच चाललाय. परवा ऑर्व्हिल स्तानेक आला होता. कशासाठी ते मी सांगणार नाही, तू विचारूही नकोस. पण फेयच्या काउंटरपाशी उभा राहून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "डॉक्टर कधी येणार?"

मी म्हटलं, "ऑर्व्हिल, इथले डॉक्टर जाऊन किती वर्षं झाली. तपासते मीच, औषध लिहून देते मीच. मी नर्स प्रॅक्टिशनर आहे."

"ते ठाऊक आहे गं मला. पण ही प्रॅक्टिस संपवून तू पक्की कधी होणार?"

फेय इतकी हसली की वाजणारा फोन वाजतच राहिला.

गाड्यांचं नाटकही चालूच आहे. दवाखान्यासमोर कुणाचा ट्रक दिसला की दुपारपर्यंत गावभर होतं, म्हणून सगळे समोरच्या गसच्या दुकानापुढे गाडी लावतात, गुरांचं खाद्य घ्यायला आल्यासारखं करतात आणि रस्ता ओलांडून माझ्या मागच्या दाराने आत शिरतात. गस मला म्हणतो, "लोरीन, अर्धं गाव माझ्या दारात आजारी पडतं. अर्धं भाडं मला देत जा."

भाऊजी मजेत आहेत. रविवारी त्यांना भाजलेलं मांस नेऊन दिलं, तर म्हणाले, "यापेक्षा माझं खोगीर मऊ आहे." थट्टा सुचतेय म्हणजे ठीकच असणार. घर स्वच्छ ठेवलंय, म्हणजे त्यांच्या मते स्वच्छ. गुरांना चाटायच्या मिठाच्या विटा मात्र बऱ्याच आणून कोठारात रचल्यात. तुला आल्यावर दिसतीलच.

एक सहज विचारते. जाताना तू त्यांच्यासाठी बीटाच्या लोणच्याच्या बरण्या ठेवून गेली होतीस ना, त्या कधीपर्यंत पुरल्या असतील? तळघरातली फळी रिकामी दिसली, म्हणून आपलं विचारलं.

थँक्सगिव्हिंगला येशील तेव्हा टर्की आणि बटाटे माझ्याकडे. गोडाला पंपकिन पाय तूच भाज. मी केलेला गेल्या वर्षी कुत्र्यानेही हुंगून सोडून दिला होता.

जोलीनला आणि पोरांना माझे पापे.

तुझी धाकटी,
लोरीन


ॲल्डर फोर्क
५ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र मिळालं. दोनच ओळी होत्या, त्यामुळे पाठ झाल्या. "तुला माहीत होतं. आणि तू माझ्यापुढे बटाट्यांचं भांडं केलंस."

हो. माहीत होतं.

काल भाऊजी दवाखान्यात आले. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आणि बराच वेळ भिंतीवरचा डोळे तपासायचा तक्ता वाचत राहिले. मग म्हणाले, "आर्डिसला कळता कामा नये, असं मी तुला सांगितलं होतं."

"मी तिला सांगितलेलं नाही."

"बीटाचं विचारलंस ना. जन्मात कधी बीटाला तोंड लावलं नाहीस तू. तिने फोनवर मला विचारलं, लोरीनला माझ्या बीटाची चौकशी कशाला? मला ऐनवेळी खोटं सुचेना. सगळंच बोलून बसलो."

म्हणजे तू माझ्यावर रागावलीस, मी लपवलं म्हणून. आणि ते माझ्यावर रागावले, मी फोडलं म्हणून. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

शेवटी तेच म्हणाले, "आता तूच लिही तिला सगळं. मी सांगायला लागलो की ती रडते आणि मग मला पुढचं आठवत नाही." मी कागद पुढे केला, त्यांनी सही केली. त्यांनी परवानगी दिली म्हणूनच आज हे लिहिता येतंय.

तर ऐक. तू गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या लघवीला लाल व्हायला लागलं. त्यांनी ते तुझ्या बीटावर ढकललं. तू घरात नाहीस, तर निदान तुझ्या हातची चव असावी म्हणून दोन्ही वेळा ताटात बीट घेत होते. आणि बीट खाल्लं की तसं होतं, हे आपल्या घरात कुणाला माहीत नाही? पुढे बरण्या संपल्या. लाल काही संपेना. तरी आणखी थोडे दिवस वाट पाहिली त्यांनी, आणि मग एका सकाळी गसच्या दुकानापुढे ट्रक लावून माझ्याकडे आले. आपण उगाच उभे नाही हे गसला दाखवायला जाताना मिठाची वीट विकत घेतली. पुढेही प्रत्येक वेळी एक.

मला हे नक्की हवं होतं की बीट संपल्यावर किती दिवस असं चाललं. शहरातले डॉक्टरही हेच विचारत होते. भाऊजींना आठवेना. मग मी तुला पत्र लिहायला बसले आणि हात वाहवला. नर्सला पडलेला प्रश्न बहिणीने विचारला आणि सगळं फुटलं.

मूत्राशयात एक लहान गाठ आहे. गुरुवारी काढणार आहेत. पोट कापावं लागणार नाही, लघवीच्या वाटेनेच दुर्बीण घालतात. काढल्यावर ती कसली आहे ते कळेल. भाऊजींनी तुझ्यापुढे तो शब्द उच्चारला नसेल, म्हणून मी लिहिते. कॅन्सर असू शकतो. असला तर बहुधा वरवरचा. हा 'बहुधा' मी रोज लोकांना देते आणि त्यांनी तो घेऊन निमूट घरी जावं अशी अपेक्षा करते. या वेळी मलाच तो पुरत नाहीये.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला थेट विचारलंस, "मर्ल वाळलाय. काही आहे का?" आणि मी बटाट्यांचं भांडं तुझ्यापुढे करून म्हटलं, "हे टेबलावर ने. अगं, ग्रेव्ही बुडाला लागतेय." ग्रेव्ही लागत नव्हती. तुला ते चार दिवस सुखाने जेवू द्यायचे, एवढंच भाऊजींनी माझ्याकडे मागितलं होतं. माणूस माझ्या खोलीत येऊन दार लावून घेतो ना ताई, तेव्हा तो जे बोलतो ते त्याचंच असतं. मी ते फक्त सांभाळते. ते भाऊजींचं असलं तरी.

आणि पत्रांचंही सांगून टाकते. पोरं उठतात हे निमित्त होतं. फोनवर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तू मला ओळखतेस.

"तू माझी बहीण आहेस की नर्स?" असं तू भाऊजींपाशी म्हणालीस म्हणे. मला याचं उत्तर माहीत नाही. गुरुवारी मी इस्पितळात येणार आहे. तू बोलली नाहीस तरी चालेल, बसायला येईन.

लोरीन


ॲल्डर फोर्क
२७ मार्च

ताई गं,

काही नाही. आधी एवढंच लिहिते, बाकीचं मागाहून. काही नाही.

काल पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं आणि सगळं स्वच्छ आहे. भाऊजींनी तुला फोन केला असेल, पण त्यांचं सांगणं मला माहीत आहे: "ठीक आहे म्हणाले." आणि लगेच वासरांची बातमी. म्हणून त्यांना विचारून सविस्तर लिहितेय. डिसेंबरात काढलेली गाठ वरवरचीच होती, ती परत आलेली नाही, आजूबाजूलाही काही नाही. अधूनमधून तपासत राहावं लागेल, काही वर्षं. पण शहरातले डॉक्टर म्हणाले की या माणसाला धोका असलाच तर त्याच्या घोड्याकडून आहे.

मी तिथे शहाण्यासारख्या माना डोलावल्या, दोन-तीन प्रश्न विचारले. मग गाडीत येऊन बसले आणि हमसून हमसून रडले. भाऊजी बाजूला बसून रेडिओवर गुरांचे भाव ऐकत होते. ते संपल्यावर म्हणाले, "झालं असेल तर जेवू या." आम्ही शाळेजवळच्या हॉटेलात राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे रोल खाल्ले. मला इतकी भूक कितीतरी महिन्यांत लागली नव्हती.

मी फार घाबरले होते गं. बाबा गेल्यावर मला गवताच्या कुरणात गाडी शिकवली ती त्यांनी, आणि मी कुंपण मोडलं तेव्हा बैलावर आळ घेतला तोही त्यांनीच. अशा माणसाचा रिपोर्ट उघडायचा आणि चेहरा सरळ ठेवायचा. कॉलेजात हे कुणी शिकवत नाही.

डिसेंबरात इस्पितळाच्या त्या बोळात तू आपल्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर तुझा कोट ठेवला होतास. सर्जन बाहेर येऊन "सगळी निघाली" म्हणाले, तेव्हा तू कोटावरून हात लांब करून माझं मनगट धरलंस, मग सोडलंस. त्यानंतर तुझ्या पत्रांतून मला फक्त जुळ्यांचे दात कळले. मी तक्रार केली नाही. दात तर दात.

आता आजची गंमत. सकाळी भाऊजींचा हिरवा ट्रक थेट माझ्या दारासमोर, दोन गाड्यांची जागा अडवून. पुढच्या दाराने आत आले, टोपी काढली आणि बसलेल्या सगळ्यांना म्हणाले, "माझं मूत्राशय साफ आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर आत्ता विचारा, मला गुरांना चारा घालायचाय."

मग कोपऱ्यातून ऑर्व्हिल म्हणाला, "म्हणजे बीट खायचं की नाही?"

"खायचं," भाऊजी म्हणाले. "पण संपल्यावर लक्ष ठेवायचं."

दुपारी आणखी दोन ट्रक उघडपणे माझ्या दारासमोर लागले. गस कुरकुरतोय की त्याचा मिठाचा धंदा बसला. तुझ्या कोठारातल्या विटा बघून घाबरू नकोस. तुमची गुरं आणि त्यांची वासरं मिळून जन्मभर चाटतील.

आता तुझ्या सोमवारच्या पत्राबद्दल. ते घरी न येता दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर तुझ्या त्या टपोऱ्या अक्षरात माझं पूर्ण नाव आणि पुढे 'नर्स प्रॅक्टिशनर'. फेयने ते न उघडता माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "हे घरचं की इथलं?" मी अक्षर पाहिलं, पत्ता पाहिला आणि म्हटलं, "इथलं."

आत जे लिहिलंयस ते मी वाचलं. शेवटची ओळही वाचली: "मर्लला कळू देऊ नकोस." आधी मला हसू आलं, ताई. इतकं की खोलीचं दार लावून घ्यावं लागलं. मग हसू थांबलं, आणि मी ती ओळ पुन्हा वाचली. डिसेंबरातल्या तुझ्या प्रश्नाला मला उत्तर सुचलं नव्हतं. तू ते पाकिटावर लिहून पाठवलंस.

घाबरू नकोस. तू लिहिलंयस ते घेऊन आपल्या वयाच्या कितीतरी बायका माझ्याकडे येतात आणि बहुतेक जणी गोळ्या आणि थोडी बोलणी खाऊन घरी जातात. पण तुला मी 'बहुधा' देणार नाही, नीट तपासून सांगेन. शनिवारी पोचतेस, तर मंगळवारी सकाळी ये, काही न खाता. रक्त घ्यायचंय. गाडी हवी तिथे लाव. माझ्या दारासमोर जागा आहे, आणि नकोशी वाटली तर गसकडे मीठ आहेच.

ईस्टरचं जेवण माझ्याकडे. आपण दोघी स्वयंपाकघरात फार वेळ राहिलो की भाऊजी टेबलावरून विचारतीलच, "काय चाललंय तुमचं?"

मी त्यांच्यापुढे बटाट्यांचं भांडं करीन.

तुझी, दोन्ही नात्यांनी,
लोरीन