पहिल्या गाळ्यातला देव

कोन, भिवंडी
१२ मार्च १९७४

चि. केसरीनाथ,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

आपल्या शेतात इमारत बांधायची ठरली तेव्हा तू म्हणाला होतास, "दादा, रस्त्यावरचा पहिला गाळा तुझा." त्या शब्दावर मी सही दिली, आणि गवंडी म्हणून भिंतीही मीच उभ्या केल्या. आता तो गाळा तू लूमवाल्या शेठला दिलास. विचारलं, तर मजुरांसमोर हसून म्हणालास, "दादा, तू थापीवाला मानूस, तुला दुकान झेपाचा न्हाय."

त्याच दिवशी तू बांधावरचा शेंदूर फासलेला वाघोबा देव उपटलास आणि मला सांगितलंस, "तो धोंडा खाडीत टाकून ये." पेरणीआधी आपले आबा त्यालाच नारळ फोडायचे.

मी तो खाडीत टाकला नाही. पहिल्या गाळ्याच्या भिंतीत कोनाडा ठेवला आणि आज अंघोळ करून देव त्यात बसवला. वरून पातळ गिलावा करणार आहे. वास्तुशांतीला सगळा गाव जेवायला येईल, तेव्हा थापीचा एकच ठोका देईन. शेंदूर दिसला की गाव हात जोडील. मग तुझ्या शेठने तिथे दुकान थाटून दाखवावं.

वैरापायी देवाला राबवलं, हे पाप असेल तर ते माझ्या माथी.

हे पत्र टपालात टाकणार नाही. देवाच्या पाठीमागे ठेवून गिलावा करतो. तू हे वाचत असशील, तर देवाला दुसऱ्यांदा उपटलंस.

तुझा थोरला भाऊ,
तुळशीराम