भिंतीवरचे डोळे

२४ ऑगस्ट २००८, घोडेगाव
आले बाई एकदाची! एसटीनं कंबरडं मोडलं, पण कॉम्प्युटर शाबूत आहे. प्रेमचंदमामांनी दुकानावरची खोली झाडूनपुसून ठेवलीय, इंटरनेटसाठी फोनची लाइनही घेतलीय. डोळ्यांच्या दुखण्यात दोन वर्षं गेली आणि फोटो दुरुस्तीची पुण्यातली सगळी गिऱ्हाइकं पांगली. आता पुन्हा श्रीगणेशा. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत झालेत, जपा. जपणारच! डोळे गेले तर माझ्याकडे उरतं काय? मामींबरोबर पापड लाटत बसावं लागेल.

२९ ऑगस्ट
वेबसाइट झाली! वर माझा टवटवीत फोटो, डोळे कसे टपोरे. ऑर्कुटवर जुन्या ओळखीच्यांना कळवलं, नीलम परत कामाला लागलीय म्हणून. मामा इतके खूश, की तोच फोटो छापून फ्रेम करायला टाकला. प्यारीबाईमामी कुरकुरल्या, जिवंत माणसाला भिंतीवर कशाला टांगायचं. मी आपली हसले.

३ सप्टेंबर
पहिलं गिऱ्हाईक! मेंढरं राखणारे म्हस्कूबाबा, जवळच्या वाडीतले. बायको बाळाबाई वारली. तिचा जन्मात एकच फोटो, तोही गेल्यावर काढलेला. म्हणाले, "ताई, डोळं उगडं करून द्या. मिटल्या डोळ्यांची बाई भिताडाला कशी लावू?"

आता डोळे आणायचे कुठून? माझ्याकडचे जुने फोटो सगळे अंधूक. शेवटी माझ्याच फोटोतले डोळे कापले, बाळाबाईला चिकटवले, कडेनं सुरकुत्या दिल्या. म्हातारबाबा फोटो छातीशी धरून रडले. मलाही भरून आलं. नमुना म्हणून वेबसाइटवर टाकला.

१५ सप्टेंबर
कामाचा नुसता पूर! पिंपळवंडी, ओझर, एक तर थेट दुबईहून. सगळ्यांचं दुखणं तेच, गेलेलं माणूस आणि मिटलेले डोळे. बाई असो की बाप्या, मी माझेच डकवते. कुणाला कळतंय!

१९ सप्टेंबर
दुपारी जेवताना भलतंच झालं. समोरचं ताट गेलं आणि उंचावरून एक सारवलेली खोली दिसली. खाली म्हस्कूबाबा दुधात भाकरी कुस्करत होते, दाराशी लाल काठाचं घोंगडं. नजरेच्या कडेला झेंडूची फुलं लोंबत होती. क्षणभरच. ताण पडला असेल डोळ्यांवर.

२२ सप्टेंबर
म्हस्कूबाबा बाजाराला आले होते. मी सहज विचारलं, तुमच्या दाराशी लाल काठाचं घोंगडं टांगलंय का. ते हळूच म्हणाले, बाळाबाई फोटोतून बघती, जेवताना पापणी बी हलवती. त्यांना आनंद झाला होता. मी घाईनं वर खोलीत निघून आले.

२७ सप्टेंबर
मामा रागावले. वेबसाइटवर स्वतःचा डोळे मिटलेला फोटो कशाला टाकलास, म्हणाले. उघडून पाहिलं. खरंच मिटलेले. दुसरा टाकला. संध्याकाळपर्यंत तोही मिटला.

३० सप्टेंबर
ओझरचं घर. पिंपळवंडीची पडवी. दुबईची पांढरी भिंत. भरदिवसा, एकामागून एक — आणि माझी स्वतःची खोली विझत चाललीय. सगळ्या फाइली पुसल्या. उपयोग काय, फ्रेमा तर लोकांच्या भिंतींवर! देवा, माझे डोळे —

४ ऑक्टोबर
मामांना घेऊन म्हस्कूबाबांकडे गेले. पाया पडले, फोटो परत मागितला. ते दारातच उभे राहिले. "एकदा मिटलेली बघितली तिला. पुन्यांदा न्हाई बघायची, ताई."
मामांनी हाताला धरून आणलं. वाट दिसत नव्हती.

७ ऑक्टोबर
आता भिंतींवरूनच दिसतं. बाकी अंधार. चाचपडत लिहितेय, ओळीवर ओळ चढत असेल. दसरा झाला की पुण्याला डॉक्टरांकडे नेतो म्हणतात मामा. भीती वाटते. फार भीती —

९ ऑक्टोबर, दसरा
पूजा झाली. तराजूला हार, गल्ल्याला हार, कॉम्प्युटरला हार. मामांनी माझी ती फ्रेम आणली. ऑगस्टात छापलेली, डोळे उघडे असलेली. माझ्या मागच्या भिंतीवर ठोकली. धंद्याचं सगळं पुजायचं म्हणाले, आणि उरलेला हार फोटोला —

मामी नको म्हणत होत्या. दोघं खाली गेले.

दिसतंय. माझी खोली. उंचावरून. कडेला झेंडू —

खाली टेबलाशी बाई. पाठमोरी. माझीच ओढणी. लिहितेय —

मान वळवतेय. डोळे मिटलेले. हसतेय —

मी वळले नाही. मी तर भिंतीवर. मग हे लिहितंय को —