चालत मिळवलेले फटके

व्हीलिंग,
९ ऑक्टोबर १८८७

मेहुणेबुवा फेलिक्स यांस,

आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझी चौकशी करत नाही. फटकेबाजांत पहिल्या नंबरावर बसलेल्या माणसाची प्रकृती उत्तमच असते. त्या जागी मीही दोन मोसम बसून पाहिलं आहे.

डेलियाने तुझं वर्तमानपत्रातलं कात्रण चुलीवरच्या भिंतीला लावलं आहे. धुराने काळं पडेल म्हटलं, तर तुझी बहीण म्हणाली, "पडू दे. तुमच्या तोंडापेक्षा उजळच राहील."

बेसबॉलच्या यंदाच्या नियमांबद्दल मला तक्रार नाही. फक्त नवल वाटतं. गेल्या वर्षापर्यंत बॅट घेऊन गेलेला माणूस पंचाला सांगायचा, वर की खाली. टाकणाऱ्याला चेंडू तिथेच टाकावा लागे. मी जन्मभर 'खाली' म्हणालो आणि खालचा चेंडू कुंपणाला नेऊन भिडवला. मालकांची बैठक भरली आणि ते मागणं बंद झालं. त्याच बैठकीत ठरलं, की टाकणाऱ्याचे चेंडू भरकटले आणि तुम्ही फुकट चालत पहिल्या बेसवर गेलात, तर तोही फटकाच धरायचा. माझ्या पानातलं काढलं आणि तुझ्या पानात वाढलं, ते एका दमात. तू मुळातला आळशी. चेंडू सोडून देण्यात तुझा हात कोण धरणार? आता त्याला पारखी नजर म्हणतात.

सप्टेंबरात तुमचा संघ इथे आला होता, तो सामना तू विसरला असशील. मी बॅट घेऊन उभा राहिलो आणि सवयीने तोंडातून गेलं, "खाली."

पंच म्हणाला, "मॉर्टी, ही खानावळ नाही रे, मागाल ते मिळायला."

सगळं मैदान हसलं. त्याचं काही नाही. लोक तिकीट काढून येतात, हसणारच. पण दुसऱ्या बेसवर तू उभा होतास, आणि टोपी तोंडावर धरून तूही हसलास. तुझे खांदे हलताना मला दिसले. तुला बॅट धरायला मीच शिकवलं होतं.

घरी येऊन तुझ्या चालण्याबद्दल बरंच बोललो. डेलिया बटाटे सोलत होती. म्हणाली, "तो चालत गेला याचं तुम्हाला काही नाही. पोहोचला, याचं आहे."

आता ज्यासाठी कागद घेतला ते. बिअरवाले श्टाउबर, आमच्या क्लबचे मालक, यांनी परवा मला बोलावलं.

"क्रोनिन, तुमच्या मेहुण्याला लिहा. पुढच्या वर्षी तो आम्हाला हवाय. तुमचं ऐकेल."

"खेळवणार कुठे त्याला?"

"तिसऱ्या बेसवर."

"तिसऱ्या बेसवर मी आहे."

"म्हणूनच तर. जागा दाखवायला घरचं माणूस असलेलं बरं."

माझं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं: फाटकावर तिकिटं बघायला भरवशाचा माणूस हवा आहे.

अजून एक. येत्या हिवाळ्यात मालकांच्या बैठकीत चालण्याला फटका म्हणणं बंद होणार, अशी कुजबुज पक्की आहे. ते झालं की तुझी सरासरी किती बसेल, हे तुला माझ्याइतकंच कळतं. श्टाउबर पेपरात बिअरची जाहिरात तेवढी वाचतात. एक वाक्य मी बोललो असतो, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. त्यांच्या खोलीत ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. दारातून परत फिरलोसुद्धा. मग श्टाउबरांनी "काय?" विचारलं आणि मी म्हणालो, "टोपी राहिली."

टोपी डोक्यावरच होती.

तेव्हा त्या बैठकीआधी ये आणि सही कर. डेलियाला यातलं काही सांगू नकोस. ती मला चांगला म्हणायला लागेल, आणि मी तसा नाही. तू पडलास तर मी फाटकावरून बघेन आणि मला बरं वाटेल.

तू येईपर्यंत तिसऱ्या बेसवर असलेला,
मॉर्टिमर क्रोनिन