परत केलेला दशमांश

मी, अविनाश शमुवेल रणपिसे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त पाळक, राहणार नवीन पनवेल, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, साखर थोडी वाढलेली आहे, आणि कोणाचाही दबाव नाही. याआधी २०१२ साली केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःविषयी बरेच चांगले लिहिले होते.

१. मी राहतो तो दोन खोल्यांचा फ्लॅट माझी दिवंगत पत्नी पद्मजा हिने शिक्षिकेच्या पगारातून घेतला. तो आमची मुलगी इरा हिला मिळावा. या मृत्युपत्राची व्यवस्थाही तिनेच पाहावी. हार्मोनियम आमच्या चर्चच्या मंडळीला द्यावे. त्याचा भाता नवा घालावा लागेल. पाळकाचा झगा कोणाला देऊ नये आणि मला त्यात पुरूही नये. साध्या पांढऱ्या सदऱ्यात पुरावे.

२. आता ज्यासाठी हा कागद लिहायला घेतला ते.

बुधाजी घरत हे उरणच्या अलीकडच्या गावचे, कंटेनर यार्डात हमाली करणारे, आमच्या मंडळीचे सभासद. २००९ साली त्यांना वीस रुपयांच्या तिकिटावर एक लाख चाळीस हजारांची लॉटरी लागली. पुढच्याच रविवारी त्यांनी चौदा हजारांचा, म्हणजे दशमांशाचा, लिफाफा अर्पणाच्या ताटात ठेवला. मी तो उपासना संपल्यावर एकांतात परत करू शकलो असतो. मी तो तिथेच, व्यासपीठावरून, सगळ्यांसमोर परत केला. वधस्तंभाखाली शिपायांनी प्रभूची वस्त्रे वाटून घ्यायला चिठ्ठ्या टाकल्या होत्या, हा त्याच जातीचा पैसा आहे, असे मी म्हणालो.

बुधाजी ताटाजवळ उभे राहिले. "पाळकसाहेब, पयला हिस्सा देवाचा म्हून तुमीच शिकवला ना?"

"देवाचा हिस्सा घामाचा असतो, नशिबाचा नाही," मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. ते वाक्य मला त्या दिवशी फार आवडले होते.

ते पुन्हा उपासनेला आले नाहीत. त्यांची पत्नी कृष्णाबाई येत राहिल्या, दाराजवळ बसून प्रभुभोजनाची भाकर न घेता जात राहिल्या. त्यांच्याकडूनच पुढे कळले, की घरी गेल्यावर बुधाजी म्हणाले होते, "देवाला नको तर लॉटरीवाल्यालाच देतो." चौदा हजार महिन्याभरात गेले. मग उरलेले गेले, मग कृष्णाबाईंच्या पाटल्या गेल्या. मी त्यांच्या घरी एकदाही गेलो नाही. घरोघरी जाणे हेच तर पाळकाचे काम असते.

३. त्याच्या पुढच्याच वर्षी मी काय केले, हे मी इरालाही कधी सांगितले नव्हते.

पद्मजा निवृत्त झाली तेव्हा तिला मिळालेले नऊ लाख रुपये मी तिला न विचारता विमानतळाच्या बाजूच्या एका प्लॉटच्या बुकिंगमध्ये घातले. मितेश नावाच्या एजंटने सांगितले होते, पाच वर्षांत पाचपट. मी त्या पावतीवर हात ठेवून प्रार्थना केली होती. जमीन विकणाऱ्याच्या नावावरच नव्हती. आता तिकडून विमाने उडतात. माझा प्लॉट कागदावरच आहे.

पद्मजाला हे २०१४ मध्ये कळले, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पैसे काढायला निघाली तेव्हा. ती ओरडली नाही. म्हणाली, "बुधाजींचं तिकीट वीस रुपयांचं होतं, आणि ते त्यांच्या पैशांचं होतं." त्यानंतर तीन वर्षे ती तसल्या गुडघ्यांनी जिने चढून शिकवण्या घेत राहिली. २०१७ साली गेली. तिची शवपेटी उचलायला बुधाजी आले, माती देऊन परतले. मी हाक मारायला हवी होती. २०२१ साली तेही गेले.

जुगाराविषयीचे माझे मत बदललेले नाही. आपले जिंकणे कोणाच्या तरी हरण्यावर उभे असते, आणि पैसा हा आपला नसून आपल्याकडे सांभाळायला दिलेला असतो, असे मी आजही मानतो. फक्त हे सगळे मी बुधाजींना लावले, स्वतःला लावले नाही. माझ्या लोभाला मी गुंतवणूक म्हणत होतो.

४. मितेश याला मी क्षमा केली आहे. हे एक वाक्य लिहायला तीन दिवस लागले.

५. बँकेत माझी तीन लाखांची ठेव आहे. ती कृष्णाबाईंना द्यावी आणि कलम दोन व तीन माझ्या दफनानंतरच्या रविवारी मंडळीत वाचावे, असे मी आधी लिहिले होते. गेल्या मंगळवारी कच्चा मसुदा त्यांना वाचून दाखवला.

"मना पैसे नको," त्या म्हणाल्या. "मंडळीन कोन असा खेळून बुडला, तर त्याचे घरान किराणा भरा. आनि मेल्यावर वाचून काय? तुमाला कोन काय बोलनार तवा? या रविवारी तुमीच वाचा."

म्हणून ती ठेव, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, अशा घरांच्या किराण्यासाठी राहील. इराने नव्या पाळकांबरोबर ते पाहावे आणि मदत घेणाऱ्याचे नाव कधीही जाहीर करू नये.

६. काल रविवारी मी ताटाजवळ उभे राहून दोन्ही कलमे वाचली. इरा खारघरहून आली होती. "गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी" इथपर्यंत वाचून मी कागद तिच्या हातात दिला. पुढचे तिने वाचले. नंतर ती माझ्याशी न बोलता घरी गेली. तिने बोलावे अशी सक्ती हे मृत्युपत्र करत नाही.

७. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकिलांनी बजावले आहे. हे मी कृष्णाबाईंना सांगितले.

"म्हंजे घेतला नाय तर सई करता येल?"

"येईल."

"मंग करते. तुमी लिवलाय ता खरा हाय, येवढाच मना सांगाचा हाय."

क्षमा केली, असे त्या म्हणाल्या नाहीत. मीही विचारले नाही. आज सकाळी त्या एसटीने आल्या, चष्मा घरी राहिला म्हणून माझा लावला, आणि माझी सही होताना पाहून मग एकेक अक्षर जुळवत स्वतःची केली.

ठिकाण : नवीन पनवेल
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६

(सही) अविनाश शमुवेल रणपिसे

अविनाश रणपिसे यांनी आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर :

(सही) सत्यजीत केशव दांडेकर, शेजारी

(सही) कृष्णाबाई बुधाजी घरत. काही घेणार नाही.